मान वर न करणारा माणूस

५ फेब्रुवारी, सोमवार

बाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. एरवी सामानाच्या यादीपलीकडे माझं लेखन जात नाही. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, प्रत्येकाने रोजनिशी ठेवायची. कोणी तपासणार नाही, मार्कही नाहीत. "उद्या तुम्ही दुसऱ्यांच्या साक्षी तपासणार. साक्षीदार होताना माणूस काय लपवतो आणि काय सजवतो, ते आधी स्वतःवर करून बघा." मार्क नाहीत म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने पेनाला टोपण लावलं. मी लावलं नाही, कारण माझं टोपण कधीच हरवलं आहे.

तर माझी साक्ष. मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. मालक नंबर काढतात. मी गिऱ्हाइकांना तक्त्यासमोर बसवते, फ्रेमी दाखवते, नाकावर बसत नसेल तर वाकवून देते. मुलगा परगावी नोकरीला लागला, आता घरात मी आणि हे. आणि आज संध्याकाळी, या वयात, मी कॉलेजात गेले. प्रथम वर्ष, कला शाखा. विषयाचं नाव 'मानव्यविद्या परिचय'. इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, चित्रं, सगळ्याची तोंडओळख. सकाळी तिथे लहान मुलांची शाळा भरते, म्हणून बाक बुटके. गुडघे हनुवटीला लागतात. माझ्या शेजारी एक निवृत्त नर्स बसतात, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. त्या म्हणाल्या, "शिकून डोकं वर येईल की नाही माहीत नाही, पण उठताना कंबर काही वर येत नाही."

हे सगळं ताईमुळे. ती पलीकडच्या गल्लीत राहते. फॉर्म तिनेच आणला, तिनेच भरला, मी फक्त सही केली. मी म्हटलं, "अगं, अर्ध्या गोवऱ्या मसणात गेल्या माझ्या, आता कसलं कॉलेज?" ती म्हणाली, "तुझं राहिलंय ना चिमणे, मग कर पुरं." चिमणी म्हणजे मी. सोमवारी आणि गुरुवारी तास असतात, त्या दिवशी रात्रीच्या जेवणाचा डबा तिच्याकडून येणार, हेही तिनेच ठरवलं. मोठी बहीण म्हणजे दुसरी आई म्हणतात. माझी तर पहिल्या आईपेक्षा जास्त आई आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंना नाव पडलं. कशावरूनबाई. काहीही बोला, त्या विचारतात, "कशावरून?"

आज त्यांनी भिंतीवर एक चित्र लावलं. टेबल, अर्धवट खाल्लेलं जेवण, मागे सरकवलेली खुर्ची. तासभर तेच एक चित्र. मी म्हटलं, माणूस घाईत उठून गेला. कशावरून? खुर्ची तिरकी आहे. "आळशी माणूसही खुर्ची तिरकी ठेवतो," बाई म्हणाल्या. मग बघता बघता मला दिसलं की हात पुसायच्या रुमालाची नीट घडी घातलेली आहे. घाईत उठणारा घडी घालत बसेल का? मी हे बोलले तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली, पण तेवढ्यावर मी घरापर्यंत तरंगत आले.

घरी यांना विचारलं, चहा घेणार? म्हणाले, घेणार. मी म्हटलं, कशावरून? त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "कॉलेजचे दिवस कठीण असतात म्हणे. माझे सुरू झाले वाटतं."

१९ फेब्रुवारी, सोमवार

मोठा गृहपाठ मिळाला. घरातला एकच प्रसंग, तीन जणांच्या तोंडून. प्रसंग असा हवा की ज्याला आपण स्वतः हजर नव्हतो. तिघांना वेगवेगळं बसवून विचारायचं, शब्दाला शब्द लिहायचा, मग कुठे जुळतं आणि कुठे फाटतं ते दाखवायचं.

मला प्रसंग शोधावा लागला नाही. बारावी झाल्यावर मला शेजारच्या शहरातल्या कॉलेजात जायचं होतं. कला शाखाच. बाबा आधीच गेले होते. आईच्या पायाचं ऑपरेशन नेमकं प्रवेशाच्या शेवटच्या दिवसाला जोडून आलं. म्हणून मी दवाखान्यात आईजवळ बसले आणि ताई माझे कागद घेऊन कॉलेजात गेली. संध्याकाळी तिने कागद परत माझ्या हातात दिले. खिडकीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही, म्हणाली. जागा भरल्या, पुढच्या वर्षी या, एवढंच बोलला. पुढच्या वर्षापर्यंत ताईचं लग्न होऊन ती सासरी गेली होती, आईला काठीशिवाय चालता येत नव्हतं आणि धाकटा भाऊ चौथीत होता. माझं पुढचं वर्ष आलंच नाही.

त्या खिडकीवाल्याला मी कधी बघितलं नाही, पण तो मला पाठ आहे. टक्कल, बोटांना शाई, खिशाला दोन पेनं. चष्म्याच्या दुकानात लागले त्या दिवशी मी ठरवलं, कितीही गर्दी असो, समोर माणूस आला की आधी मान वर करायची. मालक म्हणतात, तुझ्यामुळे गिऱ्हाईक टिकतं. त्यांना काय माहीत, मी रोज त्या माणसाची जिरवते आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

आई भावाकडे असते. आज जाऊन दोघांच्या साक्षी घेतल्या, दोन वेगळ्या खोल्यांत. भाऊ हसत होता. "वकिलीणबाई, शपथ घेऊ का?" म्हणाला. मग सांगितलं त्याने. ताई गेली, खिडकीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही, जागा भरल्या, पुढच्या वर्षी या.

आईने आधी कानावर हात ठेवल्यासारखं केलं. "ते कशाला आता?" मी म्हटलं, अभ्यास आहे. तेव्हा एका दमात म्हणाली, "ताई गेली, खिडकीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही, जागा भरल्या म्हणाला, पुढच्या वर्षी या म्हणाला. झालं? आता मला पाणी दे."

दोघांचं शब्दाला शब्द जुळलं. इतकी वर्षं झाली तरी माझं दुःख या घरात कोणी विसरलेलं नाही, हे बघून बरं वाटलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी साक्ष ताईची. दुकान सुटल्यावर तिच्याकडे गेले. प्रसंग ऐकल्यावर म्हणाली, "दुसरा घे ना एखादा. माझ्या लग्नाचा घे, मजा तरी येईल लिहायला." मी म्हटलं, लग्नाला मी हजर होते, चालत नाही. "मग आईच्या ऑपरेशनचा घे." तिथेही मीच होते. शेवटी तिने सांगितलं. तेच, तसंच. बोलताना ती पालेभाजी निवडत होती. जुडी निवडून संपली तरी तिने तीच पुन्हा निवडायला घेतली. माझ्यासाठी अजून तिचा जीव एवढा तुटतो. निघताना मला दारापर्यंत सोडायला आली आणि विचारलं, "हे तुझ्या बाई वाचणार?" मी म्हटलं, वाचणारच, त्यांना पगार कशाचा मिळतो?

१८ मार्च, सोमवार

गृहपाठ परत मिळाला. मी शेवटी ठसक्यात लिहिलं होतं, 'तिन्ही साक्षी तंतोतंत जुळतात, म्हणून प्रसंग निःसंशय खरा आहे.' बाईंनी 'निःसंशय'खाली रेघ मारली होती.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, "तीन माणसं एकाच गोष्टीबद्दल बोलतात तेव्हा थोडं तरी इकडेतिकडे होतंच. कोणाला उन्हाचं आठवतं, कोणाला चपलेचं. तुमच्या तिघांना एकच वाक्य आठवतं. मग साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे. बाकीच्या दोघांनी ऐकलेलं सांगितलं."

"हो, ताईनेच सांगितलं त्यांना. तीच गेली होती ना."

"मग दोघांना त्यांचं स्वतःचं विचारा. त्या दिवसातलं, पण या वाक्याच्या बाहेरचं. मे संपेपर्यंत पुन्हा लिहून द्या."

मला राग आला. माझ्या घरातल्या माणसांना या बाई चोर समजतात की काय? सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, "पेशंट तीन असले आणि तिघांना एकच पुरळ आलं, तर आम्ही विचारायचो, आधी कोणाला आलं?" त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

२० मार्च, बुधवार

दुकानात गंमत झाली. आमच्या तपासणीच्या खोलीचं दार नीट लागत नाही, म्हणून बाहेर बाकावर बसलेल्यांना आतलं सगळं ऐकू येतं. आज एक आजोबा आले. त्यांना गाडी चालवायच्या परवान्यासाठी नजर चांगली असल्याचा दाखला हवा होता. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. मालक खूश. पण आजोबांच्या आधी आत गेलेल्या बाईंनी चौथ्या ओळीत एक चूक केली होती, आणि आजोबांनी नेमकी तीच चूक केली. मी काही न बोलता तक्ता उलटवला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं असतात. आजोबांनी डोळे बारीक केले. मग म्हणाले, "इकडे उजेड कमी आहे."

सगळे हसले, मीही हसले. नंतर काचा पुसताना हसू आपोआप गेलं. कशावरूनबाई हेच सांगत होत्या, तक्ता उलटवा.

२४ मार्च, रविवार

भावाला फोन केला. खिडकीचं काही विचारलं नाही. नुसतं विचारलं, "त्या दिवशी तू काय करत होतास?"

तो लगेच खुलला. "मी? माझी तर चैन होती. शाळेला दांडी. ताईने मला फोटोवाल्याकडे नेलं. त्याच्याकडे लाकडी घोडा होता, त्यावर बसू दिलं मला. ताईचा फोटो काढायचा होता, मुलाकडच्यांना पाठवायला. तुझा निळा ड्रेस घातला होता तिने, तो कॉलेजचा."

"तो दिवस हाच कशावरून?"

"कारण परत येताना ती म्हणाली, कोणी विचारलं तर सांगायचं, ताई कॉलेजात गेली होती, खिडकीवाल्याने..." आणि तो थांबला. मग म्हणाला, "मी तिसरीत होतो गं. दुसराच दिवस असेल."

दुसराच दिवस असणार. तिसरीतल्या पोराला दिवस काय कळतात?

२५ मार्च, सोमवार

तासाला गेले, पण काय शिकवलं ते सांगता येणार नाही. डबा होता तो खाल्ला.

२६ मार्च, मंगळवार

ताईच्या बैठकीच्या खोलीत तो फोटो आहे. शोकेसच्या वर, इतकी वर्षं. भाऊजी पाहुण्यांना सांगतात, "या एका फोटोवर मी फसलो," आणि सगळे हसतात. मीही हसत आले. आज डब्याची भांडी परत द्यायला गेले आणि उभी राहून तो बघितला, टेबलाचं चित्र बघितलं तसा. निळा ड्रेस, गळ्याशी पांढरी नाडी. नाडी मी पसंत केली होती.

तो ड्रेस प्रवेशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शिंप्याकडून आला होता. आणि प्रवेश मिळाला नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो दवाखान्यातल्या आयाबाईच्या मुलीला देऊन टाकला. डोळ्यांसमोर नको म्हणून. मधे एकच दिवस राहतो.

ताई आतून म्हणाली, "चहा टाकू का गं?" मी म्हटलं, नको, उशीर झालाय.

३१ मार्च, रविवार

आईकडे गेले. भाऊ मुद्दाम बाहेर गेला, माझ्या नजरेला नजर दिली नाही त्याने.

मी आईला विचारलं, "ताई त्या दिवशी कॉलेजात गेलीच नव्हती ना?"

"शिळ्या कढीला ऊत आणू नकोस."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

आईने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "लग्नाची बोलणी पक्की झाली तेव्हा तिनेच सांगितलं. रडत होती. मी काय करणार होते? माझा पाय हा असा. मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. तू गेली असतीस तर तिला घरात अडकावं लागलं असतं. दोघींतली एक राहणारच होती."

"मग मला विचारायचं होतं."

"तू राहते म्हणाली असतीस?"

आईला वाटलं, तिने मला गप्प केलं. पण मी खरंच उत्तर शोधत होते. अठरा वर्षांची ती मी काय म्हणाली असती? कदाचित राहिलेही असते. ताईसाठी राहिले असते, हो. पण ते उत्तर माझं होतं आणि ते माझ्याकडून कोणी मागितलंच नाही. परस्पर लिहून टाकलं आणि खाली माझं नाव घातलं.

आई म्हणाली, "झाकली मूठ राहू दे. इतकं करते ती तुझ्यासाठी."

२ एप्रिल, मंगळवार

यांना सांगितलं. हे ऐकून घेत होते. आश्चर्य वाटलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला रोज दुकानात दिसतं, पहिल्यांदा चष्मा लावल्यावर. तसा यांचा झाला नाही.

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं."

"भाऊजी बोलले होते एकदा. फार पूर्वी. मला वाटलं, तुलाही माहीत आहे आणि तू मोठ्या मनाने सोडून दिलंयस."

मोठं मन म्हणे. म्हणजे भाऊजींना माहीत, आईला माहीत, यांना माहीत, भावाला अर्धं माहीत. मी एकटीच आंधळी, आणि धंदा चष्म्याचा.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या वेण्या ताई घालायची. शाळेत जाताना, रोज, दोन घट्ट वेण्या.

१५ एप्रिल, सोमवार

ताईला मी अजून काही बोललेले नाही. का, ते मला कळत नाही. रोज ठरवते आणि समोर गेले की दुकानातलं, भाज्यांचं, तिच्या गुडघ्याचं बोलून परत येते. डबा येतो. आज तिने माझ्या आवडीचं सगळं दिलं होतं, नेहमीपेक्षा जास्त. खाल्लं. चांगलं झालं होतं, आणि चांगलं झालं होतं याचाच राग आला. हल्ली ती डब्यात इतकं का भरते कोण जाणे. आम्ही दोघं किती खाणार?

तासाला 'माणूस चांगलं का वागतो' यावर वाद झाला. धाक, सवय, की मन? मी हात वर केला नाही. पूर्वी माझ्याकडे उत्तर होतं. मी गिऱ्हाईक आलं की मान वर करते, कारण एकाने केली नव्हती. आता तो माणूसच नाही. मी ज्याच्यावर इतकी वर्षं दात खाल्ले तो टकल्या, शाईच्या बोटांचा माणूस ताईने बसल्या जागी घडवला, बहुधा फोटोवाल्याच्या दुकानात, आपली पाळी येईपर्यंत.

बाईंना थोडंसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरचं आहे. नको असेल तर दुसरा विषय देते." मी म्हटलं, नको, हाच लिहीन. घरी येताना वाटलं, कशाला म्हटलं तसं?

२० मे, सोमवार

परीक्षा जवळ आली. बाकी लिहिण्यासारखं काही झालं नव्हतं म्हणून वही उघडली नव्हती. आज झालं.

ताई स्वतः आली. तिच्या धाकटीची बारावी झाली, ती माझी लाडकी भाची. तिला त्याच कॉलेजात जायचंय, शेजारच्या शहरातल्या, कला शाखेला. मावशीचं बघून, म्हणते. गुरुवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस आणि त्याच दिवशी पोरीची दुसरीकडे कसलीतरी तोंडी परीक्षा. भाऊजी बाहेरगावी. ताईचा गुडघा सुजलेला.

"तू जाशील का कागद घेऊन?" ताई म्हणाली. "तू आता कॉलेजवाली. तुला सगळं कळतं."

मी तिच्याकडे बघत राहिले. ही विसरली तरी असेल किंवा हिला लाज तरी नसेल. ती उंबऱ्याशी उभी होती. कागदांची पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मी पिशवी घेतली. ती म्हणाली, "तुझ्यावर सोडलंय." मग जिना उतरली, एका पायावर भार देत, हळूहळू. माझा बदला घेण्याचा दिवस तिने स्वतः आणून दिला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं.

२३ मे, गुरुवार

आज सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळची बस पकडली. पिशवी मांडीवर. मला इथे खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहिते: वाटेत मनात आलं. उतरायचं नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, संध्याकाळी परत यायचं. एवढंच करावं लागतं. किती सोपं आहे ते, हे मला त्या बसमध्ये कळलं. ताईने फार विचारसुद्धा केला नसेल. नुसतं बसमध्ये चढायचं राहिलं असेल.

मग भाचीचा फोटो दिसला, कागदाला टाचलेला. वेणी घातली होती तिने, नीट, घट्ट. मी उतरले.

कॉलेज मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. जुनी दगडी इमारत, मोठं आवार, सायकलींची रांग. मी खिडकी शोधत होते. रखवालदाराला विचारलं, प्रवेशाची खिडकी कुठे? त्याने हॉल दाखवला. आत लांबच लांब टेबलं मांडलेली, त्यांच्यामागे कारकून, समोर खुर्च्या. येणाऱ्याने बसायचं. माझी पाळी आली. समोर साठीच्या जवळ आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मान वर केली, हसल्या आणि म्हणाल्या, "बसा. पाणी हवंय का? लांबून आलेल्या दिसता."

कागद पुरे होते. शिक्का बसला, पोचपावती मिळाली. उठताना मी विचारलं, "इथे पूर्वी खिडकी होती ना? तिथून प्रवेश द्यायचे?"

"खिडकी?" त्या म्हणाल्या. "नाही हो. मी इथेच शिकले आणि इथेच चिकटले. माझासुद्धा प्रवेश याच हॉलमध्ये, याच टेबलांवर झाला. खिडकी कधीच नव्हती."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. आणि रडले. कोणी बघितलं तर बघितलं. इतक्या वर्षांत त्या खिडकीसमोर मी किती वेळा जाऊन भांडले होते मनात.

आधी भाचीला फोन केला. तिला सांगितलं, झालं काम, प्रवेश झाला. तिचं ओरडणं ऐकून घेतलं. म्हटलं, "आईला मी सांगते. तू सांगू नकोस, मला सांगू दे." ती बरं म्हणाली.

संध्याकाळी तासाला न जाता ताईकडे गेले. ती शोकेससमोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. वर तो फोटो. मला बघून उठायला लागली, मी बस म्हटलं.

"झालं का गं?"

काय बोलणार ते मी ठरवून आले नव्हते. शप्पथ नव्हते. तोंडातून आपोआप आलं, इतकं ते पाठ होतं.

"खिडकीवाल्याने मान वरसुद्धा केली नाही. जागा भरल्या म्हणाला. पुढच्या वर्षी या."

दुसरी कोणी आई असती तर ओरडली असती. कोण तो, नाव काय त्याचं, उद्या मी जाते, असं काहीतरी म्हणाली असती. ताईने वर घेतलेला पाय हळूच खाली ठेवला. मग अगदी बारीक आवाजात, लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं,

"तिथे खिडकी आहे?"

"नाही," मी म्हटलं. "टेबलं आहेत. समोर खुर्च्या आहेत. बसवतात आणि पाणी विचारतात."

मी पिशवीतून पोचपावती काढून शोकेसवर ठेवली, फोटोच्या शेजारी. ताईने ती बघितली, तिला प्रवेश झाल्याचं कळलं, आणि मग तिने तोंडावर पदर घेतला. ती काही बोलत होती पण पदराआड नीट ऐकू येत नव्हतं. "आईने सांगितलं होतं मला... मला वाटलं होतं, तू आज तरी..." एवढंच समजलं. आज तरी काय, ते मी विचारलं नाही. माफ कर म्हणाली की नाही तेही मला माहीत नाही. म्हणाली असेल तर मी ते ऐकलेलं नाही, आणि न ऐकलेलं मी इथे लिहिणार नाही.

२७ मे, सोमवार

गृहपाठ दिला. या वेळी दोनच साक्षी लिहिल्या. भावाची, लाकडी घोड्यासकट, आणि हॉलमधल्या बाईंची. ताईची जागा कोरी सोडली. बाईंनी चाळून विचारलं, "तिसरी?" मी म्हटलं, "तिला विचारलं नाही." त्यांनी या वेळी कशावरून विचारलं नाही.

डबा आला होता. भाची घेऊन आली, आनंदाने नाचत. तिला काही माहीत नाही, तिला मी सांगणारही नाही. मी डबा घेतला आणि तिच्यादेखत उघडला नाही. ती गेल्यावरही उघडला नाही. यांनी विचारलं, "जेवायचं काय मग?" मी उठून कुकर लावला.

त्याआधी दुपारी दुकानात गर्दी होती. मी फ्रेमचा स्क्रू आवळत होते, तेवढ्यात काउंटरवर सावली पडली. कोणीतरी येऊन उभं होतं. माझी मान सवयीने वर जायला लागली आणि मधेच अडली. कोणासाठी करायची? कोणाची जिरवायची? तो तर कधी नव्हताच. समोरचं माणूस थांबलं होतं. एक म्हातारी होती, हातात काडी मोडलेला चष्मा.

मी मान वर केली. पण वेळ लागला.